आनुवंशिकतेचा धडा : फादर मेंडेल यांच्या बागेतून

जीवशास्त्राची परीक्षा जवळ आली की, ‘तीनास एक’ हे प्रमाण विद्यार्थी पाठ करून टाकतात. परंतु ते प्रमाण कोठून आले, हे विचारल्यास अनेकांची लेखणी थबकते. ज्यांनी ते शोधून काढले, ते ग्रेगोर मेंडेल (१८२२-१८८४) हे अगस्तीनी संघाचे धर्मगुरू होते. शिक्षकपदाच्या पात्रता परीक्षेत ते १८५० साली अनुत्तीर्ण झाले आणि १८५६ सालचा त्यांचा दुसरा प्रयत्नही निष्फळ ठरला. त्याच वर्षी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संत थॉमस मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यावरील प्रयोगांना आरंभ केला.

मेंडेल यांनी शुद्ध उंच आणि शुद्ध बुटक्या रोपांचा संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व रोपे उंच निघाली. बुटकेपणा नष्ट झाला होता काय? त्या रोपांचे स्वपरागण होऊ दिल्यावर दुसऱ्या पिढीत ७८७ उंच व २७७ बुटकी रोपे मिळाली, म्हणजे जवळजवळ ३:१. बुटकेपणा नष्ट झाला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता. जो गुण प्रकट होतो तो प्रभावी आणि जो झाकला जातो तो अप्रभावी.

याचे कारण असे. प्रत्येक गुणासाठी सजीवात घटकांची एक जोडी असते. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो. युग्मके तयार होताना जोडीतील घटक विभक्त होतात व प्रत्येक युग्मकात एकच घटक जातो. उंचीचा घटक ‘उ’ आणि बुटकेपणाचा ‘ब’ मानल्यास पहिल्या पिढीतील प्रत्येक रोप ‘उब’ असते. अशा दोन रोपांपासून उउ, उब, बउ आणि बब अशा चार जोड्या संभवतात. पहिल्या तीन जोड्यांची रोपे उंच दिसतात, चौथीचे बुटके. म्हणून दिसणाऱ्या रूपाचे प्रमाण ३:१, तर आतील जनुकांचे प्रमाण १:२:१ असते. उत्तरपत्रिकेत या दोहोंची गल्लत करू नये. चौकट आखून युग्मके आधी लिहावीत म्हणजे उत्तर आपोआप उलगडते.

येथे पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार आदी भागांत आढळणारा सिकलसेल हा आजार याच नियमाने संततीत उतरतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर ‘चारांपैकी एकच मूल आजारी होईल’ असा अर्थ काढणे चुकीचे आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी ही शक्यता नव्याने चारात एक एवढी असते. पहिले मूल आजारी जन्मले म्हणून पुढील तीन मुले सुरक्षित ठरत नाहीत. वाहक व्यक्ती सहसा निरोगी दिसते, म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे होय.

मेंडेल यांनी आपले निष्कर्ष १८६५ साली विद्वानांसमोर वाचले, परंतु त्यांचे मोल कोणी ओळखले नाही. ते जगाला उमगले १९०० साली, त्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेतील अपयशाने मेंडेल खचले नाहीत. त्यांनी धीराने रोपे मोजली आणि ‘असे का?’ हा प्रश्न सोडला नाही. तुम्हीही तो सोडू नका.