परवान्याची सवय

कॅसिनो असावा की नसावा, हा वाद मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. परवान्याचा विचार मात्र क्वचितच होतो. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणलाच नाही. अखेर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना आणि पुढे जहाजांवर पत्त्यांच्या टेबलांनाही मुभा दिली. आज ती जहाजे मांडवीत उभी आहेत. परवाना-शुल्काची सवय सरकारी तिजोरीला लागली, की ती सुटणे जुगाऱ्याच्या सवयीइतकेच कठीण. म्हणून परवाना मागणाऱ्याची कसून चौकशी व्हावीच; पण देणाऱ्यालाही आपण विचारावे : उद्या हा परवाना काढून घेण्याची धमक तुमच्यात उरेल का?