टीव्ही स्वच्छ दिसतो, मग नेट का तुटते?

गेल्या साली पावसाळा सरता सरता आमच्या घरी एक प्रसंग घडला. आमच्या थोरल्या पुतणीला बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा आणि मुदतीचे दोनच दिवस उरलेले. पोरगी संध्याकाळी सातला अर्ज भरायला बसली. नाव-गाव भरून झाले, ओटीपी आला. उत्पन्नाचा दाखला चढवायची वेळ आली आणि गोल चक्र फिरत राहिले. दाखला तो केवढा, दोनशे-अडीचशे केबीचा! तीनदा चढवला, तीनदा पान बंद पडले. बाहेर पाऊस आणि शेजारच्या खोलीत त्याच केबलवर टीव्ही मात्र काचेसारखा स्वच्छ.

शेवटी दुसऱ्या दिवशी तिच्या बापाने यंत्रमागावरचा खाडा केला. दोघे वज्रेश्वरीच्या नाक्यावरच्या दुकानात गेले, रांगेत उभे राहिले आणि रात्री नऊला अर्ज एकदाचा गेला. एका दिवसाची मजुरी बुडाली, दुकानाचे पैसे गेले ते वेगळेच. घरात नेटचे दरमहा पैसे भरायचे आणि अर्ज भरायला बाहेर पैसे मोजायचे, हे कसले गणित? म्हणून आम्ही ठरवले की या नेटचे दुखणे नेमके कुठे आहे ते शोधायचेच. त्यात जे शिकलो ते आज वाचकांपुढे ठेवतो. आम्ही कोणी इंजिनिअर नाही. पण भिवंडीत माग चालवणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. कापडात दोष निघाला की तो सगळा माग खोलत बसत नाही. धागा, बीम, धोटा असे एकेक पाहत जातो. नेटचेही तसेच आहे.

एकाच तारेतून दोन वाटा

थोडा मागचा इतिहास. आपल्याकडे गल्लोगल्ली केबल आली ती १९९१ च्या आखाती युद्धानंतर. गच्चीवर डिश, तिथून घराघरात काळी तार. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला आणि केबलवाल्याचे काम वाढले. इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून. केबलच्या तारेवरून नेट कसे चालवायचे याचे नियम अमेरिकेत १९९७ साली ठरले. त्यांना 'डॉक्सिस' म्हणतात. केबलचे मॉडेम आजही त्याच नियमांच्या पुढच्या आवृत्त्यांवर चालतात.

आता मुद्द्याचे. टीव्हीची केबल ही मुळात एकाच दिशेची वाट होती. चित्र केबलवाल्याकडून आपल्याकडे येते, आपल्याकडून काही परत जात नाही. नेटला मात्र दोन्ही वाटा लागतात. आपण पान उघडतो तेव्हा माहिती खाली येते. अर्ज, फोटो, दाखला चढवतो तेव्हा ती वर जाते. नुसते पान उघडायचे तरी 'मला हे पान दे' अशी हाक आधी वर जावीच लागते. खाली येण्याची वाट ठीक आणि वर जाण्याची बिघडलेली असेल, तर टीव्ही स्वच्छ दिसतो, कधी गाणेही वाजते, पण दाखला जात नाही. आमच्या घरी नेमके हेच झाले होते.

सिग्नल म्हणजे नळाचा दाब

आपल्या गणेशपुरीच्या लोकांना पाण्याच्या उदाहरणाने हे लवकर कळेल. तानसेचे धरण १८९२ सालचे. तिथले पाणी मोठ्या नळांतून थेट मुंबईपर्यंत जाते, कारण दाब राखलेला असतो. पण गल्लीतल्या एका नळाला चार तोट्या लावल्या तर चौथ्या घरी धार करंगळीएवढी येते. सांध्यातून गळती असेल तर तीही नाही.

केबलमधला हा दाब मॉडेम स्वतः मोजतो. मोजायचे माप डेसिबलचे. डेसिबलची खुबी अशी की ३ ने कमी झाले की ताकद निम्मी होते. तारेचे दोन फाटे करणारी जी छोटी डबी असते, स्प्लिटर, ती प्रत्येक फाट्यावर साडेतीन डेसिबल खाते. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद तिथेच गेली. चार फाट्यांची डबी सात डेसिबल खाते. म्हणजे पाचवा हिस्साच शिल्लक. घराघरात टीव्ही हलवताना, भाऊ वेगळा होताना, खोली वाढवताना अशा डब्या लागत जातात आणि काढायच्या मात्र राहून जातात.

मॉडेम स्वतःच सांगतो

बहुतेक केबल मॉडेममध्ये एक पान असते, त्यावर हे आकडे दिसतात. मॉडेमला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडा आणि वर पत्त्याच्या जागी १९२.१६८.१००.१ असे इंग्रजी आकड्यांत टाका. काही ठिकाणी पासवर्ड लागतो, तो केबलवाल्याकडे मागावा. पानावर आकड्यांची गर्दी पाहून घाबरू नका. त्यातले तीनच आपल्याला पाहायचे आहेत.

पहिला, खाली येणारी ताकद, म्हणजे डाउनस्ट्रीम पॉवर. ती शून्याच्या आसपास असावी. उणे ७ ते अधिक ७ चांगली. उणे १५ ते अधिक १५ ही नियमाची हद्द. हद्दीच्या जवळ गेली की कधी चालते, कधी नाही. ताकद फार जास्त असणेही वाईट. कानाशी कोणी ओरडले तर शब्द कळत नाहीत, तसे ते.

दुसरा, आवाज आणि गोंगाट यांतला फरक. पानावर त्याला एसएनआर किंवा एमईआर लिहिलेले असते. तो ३३ किंवा जास्त असावा. ३० च्या खाली गेला तर मॉडेमला पलीकडचे बोलणे नीट ऐकू येत नाही असे समजा.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याची गंमत उलटी आहे. तो म्हणजे वर जाणारी ताकद, अपस्ट्रीम पॉवर. इथे आकडा जितका मोठा तितके दुखणे मोठे. कारण तो मॉडेम किती जोराने ओरडतोय ते सांगतो. पलीकडे नीट ऐकू गेले नाही की तिथून हुकूम येतो, 'अजून जोरात बोल.' ३५ ते ४९ असेल तर ठीक. पन्नाशी ओलांडली की मॉडेम घसा ताणून ओरडतोय. त्याच्यापुढे त्याला ओरडता येत नाही, मग संपर्क तुटतो आणि मॉडेम पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याच पानावर नोंदीची यादी असते. तिच्यात 'टी ३' हा शब्द वारंवार दिसला तर मॉडेमने हाक मारली आणि उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ.

आमच्या मॉडेमवर त्या दिवशी आकडे होते: खाली येणारी उणे ११, फरक २९ आणि वर जाणारी ५२.

घरच्या घरी काय तपासावे

आधी वाय-फायचा दोष आहे की तारेचा, ते ठरवा. मॉडेमला लॅनची वायर लावून संगणक चालवून पाहा. संगणक नसेल तर फोन मॉडेमपासून दोन हातांवर धरा. तिथे नीट चालत असेल आणि आतल्या खोलीतच अडत असेल, तर दोष भिंतींचा आणि मॉडेमच्या जागेचा आहे. मॉडेम लोखंडी कपाटामागे, फ्रीजवर किंवा जमिनीवर ठेवू नये. उंच, मोकळ्या जागी ठेवावा.

जवळही अडत असेल तर शेजारी विचारा. त्यांचेही गेले असेल तर दोष खांबावरचा. खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज लागते. आपल्या घरी इन्व्हर्टर असला तरी त्या खांबाची वीज गेली की नेट जाते.

फक्त आपलेच अडत असेल तर मॉडेम बंद करून तारेचे सांधे हाताने तपासा. पेच सैल असेल तर बोटांनी घट्ट करा. पान्याने पिळू नका, आटे जातात. पेच काढून मधली तार पाहा. ती सरळ आणि चकचकीत असावी. काळी-हिरवी पडली असेल तर पाणी आत शिरले आहे. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला असेल तर तोही दोषच. मग डब्या मोजा. वापरात नसलेली प्रत्येक डबी काढण्यासारखी आहे.

दुकानदार बूस्टर घ्या म्हणेल. घेऊ नका. टीव्हीचा साधा बूस्टर एकाच दिशेचा असतो. तो वर जाणारी वाटच बंद करतो. शिवाय सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो.

एक ताकीद मात्र द्यायलाच हवी. खांबावर चढू नका, पावसात गच्चीवर जाऊ नका. केबलची तार बऱ्याच ठिकाणी विजेच्या तारांजवळून जाते. पेचाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर हात काढा, दुसऱ्या कोणाला लावू देऊ नका आणि वायरमनला बोलवा. विजा कडाडत असतील तर मॉडेमचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

वहीने केलेले काम

आमच्या वहिनींनी एक वही घातली. पंधरा दिवस रोज तीन वेळा तारीख, वेळ, पाऊस होता की नाही आणि ते तीन आकडे. वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. पावसाच्या दिवशी वर जाणारी ताकद ५२-५३ आणि कोरड्या दिवशी ४९. म्हणजे पाणी कुठेतरी शिरत होते.

असा नमुना सापडला की चोर सापडतो. ब्रिटनमध्ये वेल्स भागात अबरहोसान नावाचे खेडे आहे. तिथे टेलिफोनच्या तारेवरचे नेट रोज सकाळी सात वाजता गावभर कोलमडायचे. तारा बदलल्या तरी फरक पडेना. दीड वर्ष गेले. शेवटी इंजिनिअर यंत्र घेऊन सकाळी सहापासून पावसात फिरले आणि एका घराशी थांबले. त्या घरातला जुना टीव्ही सकाळी सातला सुरू झाला की विजेचा गोंगाट सोडायचा. २०२० साली ही गोष्ट जगभर छापून आली. वेळ ठरलेली होती, म्हणूनच मूळ सापडले.

आमच्याकडे केबलचा मुलगा आला तेव्हा नेहमीसारखे म्हणाला, "मावशी, मॉडेम बंद-चालू करा, होईल."

वहिनी म्हणाल्या, "दादा, ते रोजच करतो. पण वर जाणारा सिग्नल पावसात बावन्नवर जातो आणि उन्हात एकोणपन्नासवर येतो. ही वही बघ."

त्याने वही पाहिली, मग वहिनींकडे पाहिले. "मावशी, हे तुम्ही लिहिलंत?" असे म्हणून निमूट शिडी आणायला गेला.

गच्चीच्या कडेला जुना सांधा होता, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. उघडला तर आतून पाण्याचे थेंब. घरात चार फाट्यांची डबी, दोन तोंडे उघडीच. त्याने सांधा नवा केला, त्यावर पाणी न शिरणारी पट्टी घातली आणि तार घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतली, म्हणजे पाणी झोळातून टपकून जाते. चाराची डबी काढून दोनाची लावली. आकडे आले: खाली येणारी उणे ४, फरक ३६, वर जाणारी ४५. डबीचे साडेतीन आणि सांध्याचे साडेतीन, मिळून सात डेसिबल परत मिळाले. त्यानंतरचा पाऊस कोरडा गेला नाही, पण नेट टिकले.

फायबर असेल तर

हल्ली पुष्कळ घरांत काळ्या तारेऐवजी काचेची बारीक तार आली आहे. तिच्यात पाण्याने सिग्नल असा गळत नाही, पण ती वाकवलेली सोसत नाही. खिळ्याला गुंडाळू नका, दारात चिरडू देऊ नका, तिच्या उघड्या टोकात डोळा घालून पाहू नका. डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचत नाही, तक्रार करा. तिचा आकडा नेहमी उणे असतो. उणे १५ ते उणे २५ चांगला, उणे २७ च्या पलीकडे गेला की तुटणे सुरू.

तक्रार करायची ती तोंडी नको. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि वहीत लिहा. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि हेही लक्षात ठेवा की जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणजे खाली येणारा वेग किमान २ एमबीपीएस. त्याहून कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही.

आता घरोघरी अर्ज, दाखले, परीक्षा, निकाल सगळे या तारेवरून जाते. मुलांची वर्षे तिच्यावर टांगलेली असतात. तेव्हा वाचकहो, मुदतीच्या शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. आजच तीन आकडे पाहा आणि एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आमच्या पुतणीने यंदाचा अर्ज घरी बसूनच भरला. दाखला चढायला लागला तेवढ्यात वहिनींनी चहा टाकला होता. तो उकळायच्या आधी अर्ज गेला.