पडद्यापलीकडची डॉक्टरीण

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहिले म्हणजे तापीच्या पैलतीरी झैनाबादेकडे दृष्टी जाते. तेथील आहूखान्याच्या बागेत मुमताज महल बेगमेचा देह काही महिने पुरून ठेवला होता. आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकातला ताजमहाल ठाऊक असतो. ती बेगम बुऱ्हाणपुरात मरण पावली हे फारसे ठाऊक नसते, आणि कशाने मरण पावली हे तर मोठ्यांनाही क्वचितच. जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात तिचा अंत झाला. वय अवघे अडतीस. बादशाही छावणीत धनाला तोटा नव्हता, दासींनाही नव्हता. मुलगी जगली, आई गेली.

बेगमेची ही गत, मग झोपडीतल्या बाईची काय कथा? पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनीही हे दुःख सरले नव्हते. उत्तरेकडील रावळपिंडीत (हे शहर आज पाकिस्तानात आहे) त्यात एका अडचणीची भर पडली होती. पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीसुद्धा दाखवीत नसत. औषध दाराशी असे, आणि रोगी दाराआड मरे.

ही व्यथा स्कॉटलंडच्या डॉक्टर अ‍ॅग्नेस मॅकलॅरन यांनी ओळखली. साठी उलटल्यावर त्यांनी कॅथोलिक धर्म स्वीकारला, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्या जहाजाने हिंदुस्थानात आल्या! रावळपिंडीत त्यांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी सेंट कॅथरीन इस्पितळ उभे राहिले. तेथे फ्रान्सिस्कन मिशनरी भगिनी झटत होत्या. परंतु ख्रिस्तसभेच्या तत्कालीन नियमाप्रमाणे व्रतस्थ भगिनींना प्रसूतीचे काम वर्ज्य होते. सिस्टरने जखम धुवावी, तापकऱ्याच्या उशाशी रात्र जागवावी. अडलेल्या बाळंतिणीला मात्र हात लावू नये! आपल्या मातेसमान ख्रिस्तसभेविषयी हे लिहिताना लेखणी अडखळते. पण झाले ते असे झाले. हा नियम बदलावा म्हणून बाईंनी रोमकडे वारंवार अर्ज केले. उत्तर आले नाही.

याच सुमारास ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातल्या स्टीग गावच्या एका तरुणीच्या वाचनात बाईंचे कार्य आले. तिचे नाव अ‍ॅना डेंगेल. लहानपणीच आई गमावलेली ही मुलगी. तिने बाईंना पत्र लिहिले : मी येऊ इच्छिते. बाईंनी तिला वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला, तेही ब्रिटिश पदवीचे, कारण हिंदुस्थानात तीच चाले. १९१३ साली बाई वारल्या. गुरुशिष्येची गाठ कधी पडलीच नाही. जिने बोलावले ती नाही आणि जिकडे जायचे तो देश पाहिलेला नाही. अशा स्थितीत मुलगी घरी परतली असती तरी तिला कोणी बोल लावला नसता. ती आयर्लंडमधील कॉर्क येथे जाऊन वैद्यकाच्या वर्गात दाखल झाली. १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि ऑस्ट्रियाची ही विद्यार्थिनी एका रात्रीत शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. पैसा तुटपुंजा, भाषा परकी, घर सीमेपलीकडे. १९१९ साली ती डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीस पोहोचली.

तेथे पडद्याआडचे दार तिच्यासाठी उघडले. बाहेर मात्र दुखणाईत बायांची रांग, आणि डॉक्टर ती एकटी. चार वर्षांत तिला एक गोष्ट कळून चुकली : एकटीच्या हाताने हे निभणारे नाही. तिने अमेरिकेत जाऊन गावोगाव ही हकिगत सांगितली. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे चौघी एकत्र राहू लागल्या, दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका. हाच मेडिकल मिशन सिस्टर्स या संघाचा आरंभ. जाहीर व्रते घेतली तर बाळंतपणाचे काम सोडावे लागणार. म्हणून त्यांनी ती व्रते न घेताच भगिनींचे जीवन आरंभिले. नियम मोडला नाही आणि काम थांबविले नाही. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्ड्‌समातेच्या सणादिवशी, रोमहून आज्ञापत्र निघाले : व्रतस्थ भगिनींना वैद्यकाचे सर्व कार्य, प्रसूतीसह, मोकळे. मॅकलॅरन बाईंना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

मदर डेंगेल १९८० साली रोम येथे निवर्तल्या. त्यांच्या भगिनींनी आपल्या देशातही इस्पितळे उघडली, त्यांतले एक पाटण्याचे होली फॅमिली. १९४८ साली लोरेटो मठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एक भगिनी तेथे शुश्रूषा शिकावयास आल्या. त्यांचेही वय तेव्हा अडतीस. सुई टोचणे, बाळंतिणीची सेवा, सारे त्या विद्यार्थिनीसारख्या शिकल्या. गरिबांत राहणाऱ्या आपल्या सोबतिणींनी केवळ मीठभातावर राहावे असा त्यांचा मनोदय होता. पाटण्याच्या भगिनींनी त्यांना स्पष्ट बजावले : असे केलेत तर तुमच्या मुलीच आधी आजारी पडतील, रोग्याजवळ उभे राहायचे तर आधी पोटभर जेवले पाहिजे. मदर तेरेसांनी ते ऐकले.