आधी ब्रेक, मग रंग
(जुनी मालवाहू गाडी विकत घेऊन दुरुस्त करू इच्छिणाऱ्या शेतकरी बांधवांसाठी)



आपल्या खानापूर-बेळगाव भागात अजूनही एखाद्या गोठ्यामागे, फणसाच्या झाडाखाली, पालापाचोळ्याने भरलेली जुनी मालवाहू जीप उभी दिसते. तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात, चाकांना वारुळ लागलेले असते. मालक म्हणतो, "न्यायची तर न्या, भंगाराच्या भावात देतो." घरातला तरुण मुलगा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो आणि त्याचे मन तिच्यावर बसते. नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावे लागते. ही मात्र थोडक्यात मिळते आणि आपल्या हातांनी उभी करता येते, असा त्याचा विचार. विचार चुकीचा नाही. पण या कामाचा एक क्रम आहे आणि तो चुकला की काय होते हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा लेख.

गाडीची थोडी ओळख

आपल्याकडे जीप आली ती महिंद्र कंपनीमुळे. १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९४७ मध्ये अमेरिकेतल्या विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. पुढे उंच बॉनेटची जीप येथेच बनू लागली. तिच्याच यंत्रसामग्रीवर बेतलेली एक मालवाहू गाडी अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस निघाली. तिचे नाव एफ.सी.-१५०, म्हणजे 'फॉरवर्ड कंट्रोल'. तिकडे तिचे उत्पादन साठीच्या दशकात थांबले, पण आपल्याकडे महिंद्रने ती बनवायला घेतली आणि ती पुष्कळ वर्षे चालली. चपट्या तोंडाची, चालक थेट पुढच्या चाकांवर बसलेला, इंजिन त्याच्या बाजूला केबिनमध्येच आणि मागे माल भरायला हौदा. जुन्या लोकांना ती चांगली आठवत असेल.

मूळ पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सी.सी. आणि ७२ अश्वशक्तीचे. त्याची आतली झडप माथ्यात आणि बाहेरची झडप ब्लॉकमध्ये असते. रचना साधी असल्याने जाणता मिस्त्री ते आंब्याच्या झाडाखालीही उघडू शकतो. बोअर करणे, माथा घासणे, बुश बसवणे या कामांसाठी बेळगाव आणि कोल्हापूर येथे ओतकामाचे आणि लेथचे जुने कसब आहे. सुटे भागही बरेचसे जीपचेच लागतात. म्हणून दुरुस्तीसाठी ही गाडी इतर कित्येक जुन्या गाड्यांपेक्षा सोयीची आहे.

एका घरची हकीकत

आमच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाने अशीच एक गाडी घेतली. भात, काजू आणि थोडी भाजी पिकवणारे हे घर. बाजाराला माल न्यायला दरवेळी टेम्पो भाड्याने करावा लागे. म्हैस विकून आलेले पैसे आणि भिशीचे पैसे एकत्र करून त्यांनी गाडी आणली. पाच महिने बाप-लेक राबले. इंजिन उतरवून रिंगा बदलल्या, पत्रा ठोकला, लांबी भरली, हिरवा रंग मारला, सीटला नवे रेक्झिन लावले. पैसे संपत आले तेव्हा ब्रेकचे काम राहिले होते. "पायाला लागतो ब्रेक, पुढच्या सुगीला करू," असे ठरले.

गाडी दाखवायला त्यांनी दारात आणली. मुलगा म्हणाला, "फादर, बघा, नव्यासारखी झाली ना?" मी रंगाचे कौतुक केले. यंत्रांची मला थोडीफार माहिती आहे. तरी गाडीखाली वाकून पाहिले नाही, की ब्रेकविषयी एक शब्द विचारला नाही. ती माझी चूक.

तिसऱ्या आठवड्यात सहा पोती काजू घेऊन उतारावर असताना पायाखालचा ब्रेक थेट तळाला गेला. एका चाकाचा सिलिंडर गळून तेल संपले होते. या गाडीला चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच नळी असते. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाके मोकळी. मुलाने हातब्रेक ओढला. या जातीच्या गाड्यांत हातब्रेक चाकांना नसतो, गिअरपेटीमागे फिरणाऱ्या शाफ्टवर असतो. तिथले ऑईल सील गळून लायनर तेलाने माखले होते, त्यामुळे तोही घसरला. मग त्याने पहिला गिअर टाकायचा प्रयत्न केला. पण पहिला गिअर गाडी चालू असताना सहज पडत नाही. नुसती करकर झाली. शेवटी त्याने गाडी शेतात घातली आणि ती बांधाला धडकून थांबली. मुलाचे मनगट मोडले. बापाच्या कपाळाला टाके पडले. त्याच वळणावर शाळेतून मुले घरी येतात. ती तेव्हा नव्हती.

यातला एकही दोष मोठा नव्हता. एक गळका सिलिंडर आणि एक सील. दोन्ही मिळून जो खर्च आला असता तो रंगाच्या खर्चापुढे नगण्य होता.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे

१) चासी. सर्वात आधी हीच पाहावी. इंजिन बदलता येते, पत्रा बदलता येतो. चासी गंजून खाल्ली असेल तर गाडी सोडून द्यावी. कमानी जिथे टांगलेल्या असतात तो भाग आणि मागची आडवी पट्टी येथे हातोडीने हलके ठोकावे. टणटणीत आवाज आला तर बरे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर समजावे. गोव्याकडून किंवा समुद्रकाठाहून आलेल्या गाडीची अधिक कसून पाहणी करावी.

२) पत्रा. लहान लोहचुंबक फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे.

३) इंजिन. थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. तेलाची पट्टी काढावी. तेल दुधाळ असेल तर आत पाणी जात आहे. तेल भरण्याच्या तोंडातून भसाभस धूर येत असेल तर रिंगा-पिस्टन गेले आहेत.

४) गिअर आणि स्टिअरिंग. चालवताना दुसरा गिअर आपोआप सुटतो का ते पाहावे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावे. खडखडले तर झीज आहे. चारचाकी ओढ फक्त चिखलात आणि कच्च्या वाटेवर वापरायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून ठेवल्यास गिअरपेटीवर ताण येतो.

५) हिशेब. गाडीला जितके पैसे मोजाल निदान तितकेच दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. बाजूला ठेवता येत नसतील तर गाडी घेऊ नये. मुलीची फी आणि बी-बियाण्याचे पैसे या कामात घालू नयेत.

कागदपत्रे

भंगाराच्या भावात मिळालेली गाडी कागदांवाचून भंगारच असते. आर.सी. बुकावरचा चासी नंबर आणि प्रत्यक्ष कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. पुष्कळ जुन्या पेट्रोल जीपगाड्यांना मालकांनी पुढे डिझेल इंजिन बसवले. तसे असेल तर इंजिन नंबर आणि इंधन यांची नोंद आर.सी. बुकात झालेली हवी. परवानगीशिवाय असा बदल करणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा.

सीमाभागात आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात किंवा गोव्यात नोंदलेली गाडी कर्नाटकात आणायची तर तिकडच्या आर.टी.ओ.कडून ना-हरकत दाखला हवा, आणि गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. मालक वारला असेल तर वारसांकडून कागद पूर्ण झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी आणखी वाढली. मालवाहू म्हणून नोंद असेल तर जुन्या गाडीला दरवर्षी तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. म्हणून आधी आर.टी.ओ.त चौकशी करून मगच सौदा ठरवावा.

काही जण सांगतात, "पन्नास वर्षांची झाली, व्हिंटेजमध्ये नोंदवा." २०२१ च्या नियमांनुसार अशी नोंदणी होते खरी आणि तिला 'व्ही.ए.' अक्षरांचा नंबर मिळतो. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला नाही. काजूची पोती वाहणाऱ्यास ती नोंदणी उपयोगाची नाही.

कामाचा क्रम

पहिल्यांदा ब्रेक : चारही चाकांचे सिलिंडर, मुख्य सिलिंडर, सर्व रबरी व लोखंडी नळ्या, लायनर आणि हातब्रेकजवळचे सील. नंतर स्टिअरिंग आणि टायर. टायरची नक्षी चांगली दिसली तरी दहा-पंधरा वर्षे पडून राहिलेल्या टायरचे रबर मेलेले असते. त्यानंतर वायरिंग आणि दिवे. मग इंजिन. पत्रा आणि रंग सर्वात शेवटी.

इंधनाबद्दल एक सूचना. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला खाते आणि हवेतले पाणी शोषून घेते. तेव्हा पेट्रोलपंपाचा पडदा आणि सर्व रबरी नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

आरोग्याची काळजी

ब्रेकची धूळ : जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो. ड्रम काढल्यावर तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकर मारण्याची सवय सर्वत्र आहे; ती सोडावी. ही धूळ फुप्फुसात बसते आणि तिचे रोग, कर्करोगसुद्धा, वीस-तीस वर्षांनी उमटतात. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. नाकाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

रंग : जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. कामानंतर हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये की भाकरीला हात लावू नये. हार्डनर मिसळून फवारायच्या नव्या रंगाने दमा जडू शकतो. तो योग्य मास्क असलेल्या रंगाऱ्याकडूनच मारून घ्यावा.

पेट्रोल ओढणे : नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नये. घोटभर जरी श्वासनळीत गेले तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. कोणी गिळलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते. तडक दवाखान्यात न्यावे.

जॅक : नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. खाली मजबूत स्टँड आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मागचे एक चाक उचलले की शाफ्टवरचा हातब्रेक गाडी धरून ठेवत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

धूर आणि जखमा : बंद खोपटात इंजिन चालू ठेवू नये, धुरातला विषारी वायू वास न देता जीव घेतो. गंजलेल्या पत्र्याने कापल्यास जखम साबणपाण्याने धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावी.

आणि शेवटचे : हौद्यात माणसे बसवू नयेत. लग्नाची असोत, सणाची असोत की लावणीला जाणाऱ्या बायका असोत.

गाडी पुन्हा चालू लागली

त्या मुलाचे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. हात बरा झाल्यावर बाप-लेकांनी पुन्हा गाडी उघडली. या वेळी ब्रेकपासून सुरुवात केली आणि तोवर बाजाराला पुन्हा भाड्याचा टेम्पो केला. आता गाडी दर आठवड्याला उतारावरून जाते. बांधाला घासून पुढच्या कोपऱ्याचा रंग गेला आहे, तो त्यांनी अजून मारलेला नाही. विचारले तर बाप सांगतो, "पैसे आले की मारू. घाई नाही."

तेव्हा ज्यांच्या मनात अशी गाडी घेण्याचे आहे त्यांनी जरूर घ्यावी. हातांना काम मिळते, मुले यंत्र शिकतात आणि भाड्याचा खर्च वाचतो. मात्र सौदा करण्यापूर्वी एकदा गाडीखाली वाकून पाहावे आणि सोबत एखादा जाणता मिस्त्री न्यावा. कोणी नवी रंगवलेली गाडी दाखवायला आणली तर तिच्या रंगाचे कौतुक करण्याआधी ब्रेकची चौकशी करावी. मी आता तसेच करतो.