तलाव जे करतो, त्यासाठी वीजबिल कशाला?

सांडपाणी शुद्ध करण्याचे मुख्य काम यंत्रे करत नाहीत, जिवाणू करतात. केंद्रात शिरताना जाळीत चिंध्या आणि प्लास्टिक अडकते, पुढच्या टाक्यांत वाळू आणि जड गाळ तळाला बसतो. पण विरघळलेली घाण जाळीत अडकत नाही आणि तळालाही जात नाही. ती जिवाणूंनीच खावी लागते आणि खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. कच्चा मैला नदीत सोडला तर हेच जिवाणू नदीतला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. प्रक्रिया केंद्रात हे काम पाणी नदीला मिळण्याआधीच उरकले जाते. म्हणून छोट्या शहरापुढचा खरा प्रश्न एवढाच, की जिवाणूंना ऑक्सिजन पुरवायचा कुणी?

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी एक उत्तर दिले. मैलापाण्यात हवा सोडायची आणि तळाला बसलेला जिवाणूंनी भरलेला गाळ पुन्हा टाकीत फिरवायचा. त्यामुळे शुद्धीकरण काही तासांत आणि थोड्या जागेत होऊ लागले. जागेची टंचाई असलेल्या मोठ्या शहरांना ही पद्धत सोयीची आहे. मात्र हवेचे ब्लोअर रात्रंदिवस चालावे लागतात. अशा केंद्राच्या विजेपैकी साधारण निम्मी वीज त्यांनाच लागते. वीज बराच वेळ गेली की जिवाणू मरू लागतात आणि घडी पुन्हा बसायला दिवस जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते. उभारलेली क्षमता ३१,८४१ होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरवरच होत होती. म्हणजे बांधलेल्या क्षमतेपैकी एक तृतीयांशाहून अधिक वापराविना होती. गटारांचे अपुरे जाळे हे त्याचे एक कारण आहे, पण केंद्र सतत चालवण्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारी माणसे हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

कॅलिफोर्नियातील आर्काटा या जेमतेम अठरा-एकोणीस हजार वस्तीच्या गावाने दुसरे उत्तर निवडले. १९७०च्या दशकात तिथे हंबोल्ट खाडीभोवतीच्या गावांसाठी एकच मोठे केंद्र बांधण्याचा प्रस्ताव होता. आर्काटाने तो नाकारला, १९७९पासून छोटे प्रयोग केले आणि १९८६मध्ये पूर्ण व्यवस्था सुरू केली. जड गाळ काढलेले पाणी उथळ तलावांत जाते. तिथे शेवाळ उन्हावर ऑक्सिजन तयार करते आणि जिवाणू तो वापरतात. मग ते पाणी पाणकणसांच्या दलदलीतून झिरपते आणि निर्जंतुक होऊन खाडीत जाते. पूर्वी जिथे लाकडाच्या गिरण्या आणि कचराभूमी होती, तिथे आज पक्षी पाहायला लोक येतात.

यावर पहिला आक्षेप जागेचा, आणि तो रास्त आहे. वीस हजारांच्या गावाला काही हेक्टर लागतील. पुण्या-मुंबईत ते अशक्य आहे, तालुक्याच्या गावात बहुधा नाही. दुसरा आक्षेप डासांचा. तलावाचे काठ तणमुक्त ठेवले आणि पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले तर डास आटोक्यात राहतात. दुर्लक्ष झाले तर मात्र नक्की वाढतात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शेवाळ पाण्याबरोबर बाहेर जाते आणि नायट्रोजन पुरेसा निघत नाही. दलदलीतल्या वनस्पतींच्या सावलीत शेवाळ बरेच घटते, पण नायट्रोजनचे निकष कडक असतील तिथे तलाव एकटे पुरे पडत नाहीत, हे मान्यच करायला हवे. हवामानाचा आक्षेप मात्र टिकत नाही. आर्काटा थंड, धुक्याचे गाव आहे; महाराष्ट्राच्या उन्हात जिवाणू आणि शेवाळ दोन्ही अधिक वेगाने काम करतात.

म्हणून नगरपरिषदांनी निविदा काढताना उभारणीच्या अनुदानाआधी पुढच्या वीस वर्षांच्या वीजबिलाचा हिशेब मांडावा आणि तलावांसाठीची जागा शहर विकास आराखड्यात आजच राखून ठेवावी.