वाहनघराच्या जमिनीचे लेपन

मोटार, दुचाकी, ट्रॅक्टर इत्यादी वाहने ठेवण्याच्या घरगुती जागेतील काँक्रीटच्या जमिनीवर झीज, तेल, ओल व रसायने यांपासून संरक्षण मिळावे म्हणून जो पातळ व टिकाऊ थर दिला जातो, त्यास वाहनघराच्या जमिनीचे लेपन असे म्हणतात. या कामासाठी इपॉक्सी, पॉलियुरेथेन व पॉलिअस्पार्टिक ही राळवर्गीय द्रव्ये, तसेच काँक्रीटमध्ये मुरणारी सिलिकेट द्रावणे वापरली जातात. लेपनाचे आयुष्य द्रव्याच्या किमतीपेक्षा जमिनीतील ओलावा, पृष्ठभागाची पूर्वतयारी आणि काम करण्याचा हंगाम या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यासारख्या पावसाळी प्रदेशात यांपैकी ओलावा हा घटक निर्णायक ठरतो.

संज्ञा

मराठी व्यवहारात 'गॅरेज' हा शब्द बहुधा वाहनदुरुस्तीच्या दुकानासाठी वापरला जातो. घरातील वाहनाच्या जागेस 'शेड', 'पार्किंग' किंवा 'गाडीची खोली' असे म्हणतात. सातारा-सांगली भागातील जुन्या घरांत अशी स्वतंत्र खोली नसे. बैलगाडी अंगणात किंवा परड्यात आणि पुढे दुचाकी रात्रीपुरती सोप्यात ठेवली जाई. ट्रॅक्टर व मोटारी आल्यानंतर गोठ्यालगत किंवा घराच्या दर्शनी बाजूस पत्र्याची शेड उभारण्याची पद्धत रूढ झाली. अशा शेडमध्ये वाहनाबरोबरच खतांची पोती, औषधफवारणीचे पंप, इंधनाचे डबे व शेतीची अवजारे ठेवली जातात. त्यामुळे तेथील जमिनीवर पडणारा भार शहरातील वाहनतळापेक्षा वेगळ्या स्वरूपाचा असतो.

पारंपरिक जमिनी

महाराष्ट्रात जमिनीला लेप देण्याची परंपरा जुनी आहे. मुरूम व माती पसरून, पाणी मारून धुम्मसाने चोपलेल्या भुईवर शेणाने सारवण केले जाई. शेणातील बारीक तंतूंमुळे मातीचे कण धरून राहतात आणि धूळ कमी होते. सारवण ठरावीक दिवसांनी पुन्हा करावे लागते. मात्र ते जमिनीतील वाफ अडवत नसल्यामुळे ओलीने पोपडे धरून एकाएकी उखडत नाही. चाकांचा भार व साचलेले पाणी मात्र त्यास सोसत नाही.

वाडे व मंदिरे यांत चुन्याचा कोबा करीत. सिमेंट सर्वत्र मिळू लागल्यावर त्याची जागा सिमेंटच्या कोब्याने व लाल रंग मिसळलेल्या कोब्याने घेतली. कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येणारी शहाबादी फरशी दक्षिण महाराष्ट्रातील घरांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ही फरशी चुनखडकाची असल्यामुळे बॅटरीतील आम्ल सांडल्यास ती खरवडल्यासारखी होते. तेलाचे डागही तिच्यात मुरतात. कोबा व काँक्रीट यांतही अतिसूक्ष्म छिद्रे असल्यामुळे तेल आत शिरते. या उणिवांतून राळेच्या लेपनाची गरज निर्माण झाली.

इपॉक्सी राळेचा विकास १९३० च्या दशकाच्या अखेरीस व १९४० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील पियेर कास्तां आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या स्वतंत्र संशोधनातून झाला. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीतील ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधले.

शिराळा परिसरातील परिस्थिती

शिराळा हे गाव मोरणा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. मोरणा ही वारणेची उपनदी असून वारणा पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीत असून वारणेवरील चांदोली धरण व चांदोली राष्ट्रीय उद्यान याच भागात आहेत. सांगली जिल्ह्याचे जत, आटपाडी हे पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण असले, तरी शिराळ्याच्या पश्चिम भागात मोसमी पाऊस मुबलक पडतो. म्हणून जिल्ह्याच्या पूर्व भागात यशस्वी ठरलेले लेपन पश्चिमेकडेही टिकेलच असे नाही.

जून ते सप्टेंबर या काळात भूजलाची पातळी वर येते. जमिनीखालील पाणी केशाकर्षणाने आणि वाफेच्या रूपाने काँक्रीटमधून वर सरकते. नदीकाठच्या काळ्या जमिनी पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. पाया व भराव योग्य नसल्यास अशा ठिकाणी काँक्रीटला भेगा पडतात. ही हालचाल चालू असलेल्या भेगेवर कोणतेही कठीण लेपन दिले, तरी भेग लेपनातूनही वर उमटते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात वारणा व कृष्णा यांच्या काठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले होते. पूररेषेतील वाहनघरांसाठी लेपन निवडताना ही शक्यताही लक्षात घ्यावी लागते.

लेपन निकामी होण्याची कारणे

ओलावा: इपॉक्सीचा थर जवळजवळ वाफरोधक असतो. खालून येणारी वाफ त्याखाली अडकते, काँक्रीटमधील क्षार विरघळून अल्कधर्मी द्राव तयार होतो आणि थराखाली फोड येतात. उघड्या काँक्रीटवर पांढरी भुकटी म्हणजे लोणा दिसत असल्यास पाण्याचा प्रवास चालू असल्याचे ते चिन्ह समजतात.

गरम टायर: प्रवासाहून आलेल्या वाहनाचे टायर तापलेले असतात. साध्या तापमानास घट्ट होणाऱ्या अनेक इपॉक्सी राळा सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतात. टायर थंड होऊन आकसताना पातळ व कमकुवतपणे चिकटलेला थर त्याच्याबरोबर उचलला जातो.

सूर्यप्रकाश: अतिनील किरणांमुळे सर्वसाधारण इपॉक्सी पिवळी पडते व तिची चमक जाते. समोरून उघड्या असलेल्या शेडमध्ये हा दोष लवकर दिसतो.

रसायने: अमोनियम सल्फेटसारखी खते ओलाव्यात विरघळून काँक्रीटवर परिणाम करतात. जनावरांचे मूत्र व बॅटरीतील सल्फ्युरिक आम्ल हेही सिमेंटला मारक असतात.

यांत्रिक झीज: भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावली जाणारी लोखंडी चाके थेट जमिनीवर आल्यास कोणतेही पातळ लेपन टिकत नाही. अशा जागी लेपनापेक्षा जाड व मजबूत काँक्रीट, किंवा चाकांच्या मार्गावर घडीव दगडाच्या पट्ट्या अधिक उपयुक्त असतात.

लेपनाचे प्रकार

तैलरंग: कपाटे-खिडक्यांसाठीचा अल्किड रंग जमिनीवर लावणे स्वस्त पडते, पण सिमेंटमधील अल्कधर्मी घटकांमुळे त्यातील तेलाचे साबणीकरण होते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. वाहनघरासाठी तो अयोग्य मानला जातो.

सिलिकेट द्रावण: सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण काँक्रीटमधील मुक्त चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट बनवते. त्यामुळे पृष्ठभाग कठीण होतो व धूळ सुटणे थांबते. वेगळा थर तयार होत नसल्याने तो उखडण्याचा प्रश्न येत नाही आणि वाफेला वाट राहते. मात्र त्यामुळे आम्ल व तेलाच्या डागांपासून पूर्ण संरक्षण मिळत नाही.

इपॉक्सी: राळ व घट्टीकारक असे दोन भाग मिसळून ती तयार होते. काँक्रीटला घट्ट चिकटणे, तेल व इंधन यांस दाद न देणे हे तिचे गुण आहेत. पाण्यात विरळ केलेला प्रकार प्राथमिक थरासाठी, तर द्रावकविरहित प्रकार मुख्य थरासाठी वापरतात. इपॉक्सीच्या जमिनीसाठी आयएस ४६३१, तर जागेवर ओतलेल्या सिमेंट काँक्रीटच्या जमिनीसाठी आयएस २५७१ ही भारतीय मानके आहेत.

पॉलियुरेथेन: हा थर इपॉक्सीपेक्षा लवचीक व ओरखड्यांना अधिक सोशीक असतो. त्याचे ॲलिफॅटिक प्रकार उन्हात पिवळे पडत नाहीत. इपॉक्सीवर शेवटचा थर म्हणून त्याचा वापर होतो.

पॉलिअस्पार्टिक: काही तासांत घट्ट होणारा हा प्रकार उन्हात टिकतो, पण तो महाग असून वेगाने घट्ट होत असल्यामुळे अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावा लागतो.

ओलाव्याची तपासणी

काँक्रीट वरून कोरडे दिसणे हा पुरेसा पुरावा नसतो. घरच्या घरी करता येण्याजोगी चाचणी म्हणजे सुमारे ४५ सेंमी × ४५ सेंमी आकाराचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद करून किमान १६ तास ठेवणे. एएसटीएम डी ४२६३ या अमेरिकी मानकात ही पद्धत दिली आहे. तुकड्याच्या आतील बाजूस दव जमल्यास किंवा काँक्रीट गडद झाल्यास लेपन करू नये.

या चाचणीचा हंगाम महत्त्वाचा आहे. वैशाखात, भूजल खाली गेलेले असताना कोरडी ठरलेली जमीन श्रावणात ओली असू शकते. म्हणून शिराळ्यासारख्या भागात पहिली तपासणी पावसाळा ऐन भरात असताना किंवा तो संपता संपता करणे अधिक उद्बोधक ठरते. त्या वेळी जमीन कोरडी आढळल्यास हिवाळ्यात पुन्हा चाचणी घेऊन लेपन करता येते. ती ओली आढळल्यास आधी पागोळ्यांचे पाणी दूर नेणे, भोवती चर काढणे असे उपाय करावेत, अथवा वाफरोधक लेपनाचा विचार सोडून सिलिकेट द्रावण वापरावे. नवीन बांधकामात काँक्रीट ओतण्यापूर्वी भरावावर जाड पॉलिथिनचा कागद अंथरल्यास हा प्रश्न मुळातच टळतो.

पूर्वतयारी

नवीन काँक्रीटवर पाणी मारण्याचे काम पूर्ण करून साधारणपणे २८ दिवसांनंतर आणि ओलाव्याची चाचणी घेऊनच लेपन करतात. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. ते न मुरता मोत्यांसारखे राहिल्यास तेथे तेल, मेण किंवा जुने लेपन आहे असे समजावे. तेलाचे डाग क्षारयुक्त धुलाईद्रव्याने घासून काढतात. त्यानंतर सिमेंटची वरची कमकुवत साय यंत्राने घासून काढली जाते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुण्याची पद्धतही आहे. परंतु आम्लाचे अवशेष राहिल्यास चिकटण्यात दोष येतो व धुतलेली जमीन पुन्हा पूर्ण वाळवावी लागते. चांगल्या पूर्वतयारीनंतर पृष्ठभाग बारीक वाळूच्या कागदासारखा खरखरीत लागतो. स्थिर भेगा व खड्डे इपॉक्सीच्या लुकणाने भरून घेतात.

पाणी वाहून जाण्यासाठी दाराच्या दिशेने सुमारे १:१०० उतार असावा. म्हणजे साडेपाच मीटर लांबीच्या जागेत मागील बाजू पुढीलपेक्षा सुमारे साडेपाच सेंमी उंच राहते. हा उतार लेपनाने साधता येत नाही; तो काँक्रीट करतानाच द्यावा लागतो.

परिमाण व कार्यपद्धती

द्रावकविरहित लेपनाचा १ लिटर द्रव १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडीचा थर देतो. १० फूट × १८ फूट, म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर जागेवर ०.३ मिलिमीटर थर हवा असल्यास सुमारे ५ लिटर द्रव्य लागते. खरखरीत पृष्ठभागात मुरणारे द्रव्य त्याहून वेगळे धरावे लागते. याच जागेसाठी एक लिटरमध्ये काम भागवण्याचे सांगितले जात असेल, तर थर ०.०६ मिलिमीटरचा, म्हणजे रंगाइतकाच पातळ होईल, हे या हिशेबावरून समजते.

राळ व घट्टीकारक यांचे प्रमाण निर्मात्याने दिल्याप्रमाणेच मोजून घेतात. अंदाजाने मिसळल्यास थर चिकट किंवा ठिसूळ राहतो. मिश्रणाची रासायनिक क्रिया उष्णता निर्माण करते; डब्यात साठवून ठेवल्यास ते लवकर तापून घट्ट होते, म्हणून मिसळताच जमिनीवर पसरतात. निसरडेपणा टाळण्यासाठी ओल्या थरावर गारगोटीची बारीक वाळू भुरभुरवून त्यावर शेवटचा थर देतात. चिखलाची चाके व ओली पादत्राणे येणाऱ्या शेडमध्ये हा टप्पा वगळू नये. सर्वसाधारण इपॉक्सीवर एका दिवसानंतर चालता येते. वाहन मात्र सुमारे सात दिवसांनी आणावे.

काम करताना जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे. शिराळा परिसरात दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा असतो. हिवाळ्यात पहाटेचे दव टाळून ऊन चढल्यावर काम सुरू करतात. एप्रिल-मे महिन्यांत मिश्रण लवकर घट्ट होते आणि वळवाच्या पावसाचीही शक्यता असते.

सुरक्षितता

काँक्रीट कोरडे घासताना सिलिकायुक्त धूळ उडते. ती श्वासावाटे जात राहिल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होतो. म्हणून पाणी वापरून किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राने घासणे व योग्य मुखपट्टी लावणे आवश्यक असते. तोंडाला गुंडाळलेला रुमाल पुरेसा नसतो. इपॉक्सी व तिच्या घट्टीकारकामुळे त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. हाताला लागलेली राळ थिनरने पुसू नये, साबण व पाण्याने धुवावी. पॉलियुरेथेन व पॉलिअस्पार्टिकमधील आयसोसायनेटमुळे दम्यासारखा त्रास उद्भवू शकतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. तसेच ते ब्लीचिंग पावडरच्या संपर्कात येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. उरलेले द्रव्य व धुण्याचे पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या नाल्यात सोडू नये.

निवडीचे निकष

कोरडी, बंदिस्त व केवळ मोटारीसाठी असलेली जागा इपॉक्सीस योग्य असते. समोरून ऊन येत असल्यास तिच्यावर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा थर द्यावा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या किंवा पूररेषेतील शेडसाठी सिलिकेट द्रावणाने कठीण केलेले उघडे काँक्रीट व्यवहार्य ठरते. खते व रसायने लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून उचलून ठेवल्यास कोणत्याही जमिनीचे आयुष्य वाढते. जड अवजारांची ये-जा असलेल्या जागी लेपनावरील खर्च काँक्रीटची जाडी व भराव सुधारण्यासाठी वापरणे हितावह असते.

देखभाल

लेपन केलेली जमीन सौम्य साबणाच्या पाण्याने पुसतात. वाळू व खडी वारंवार झाडून काढावी, कारण चाकांखाली सापडलेल्या खड्यांनीच बहुतेक ओरखडे पडतात. जॅक किंवा दुचाकीचा स्टँड टेकवताना त्याखाली लाकडी फळी अथवा रबरी तुकडा ठेवतात. उखडलेला भाग लहान असतानाच कडेपर्यंत घासून पुन्हा लेप दिल्यास दुरुस्ती टिकते. मात्र त्याच ठिकाणी पुन्हा फोड आल्यास दोष लेपनात नसून खालच्या ओलाव्यात असल्याचे समजावे व त्याचा बंदोबस्त आधी करावा.