चाफा आणि अडेनियम : दोघांनाही हवा ताण

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरचे पाचोड ओळखले जाते ते मोसंबीसाठी. पैठण तालुक्याच्या या भागातला बागायतदार पाण्याचे गणित चांगले जाणतो. आंबिया बहर धरायचा असेल तर थंडीत पाणी तोडून तो बाग ताणावर सोडतो. पाने पिवळी पडून गळू लागली, की मशागत करून, खत देऊन, पाणी सोडून ताण तोडतो आणि बाग फुलते. खोडाशी पाणी साचले तर डिंक्या लागतो, हेही त्याला ठाऊक असते. पण त्याच घराच्या ओट्यावरच्या कुंडीला अनेकदा रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले जाते. मग चार महिन्यांत झाड बुडाशी मऊ पडते आणि ‘ऊन सोसले नाही’ असे म्हणून टाकून दिले जाते.

अंगणातला पांढरा चाफा आणि रोपवाटिकांतून घरोघर पोचलेले अडेनियम ही दोन्ही झाडे बहुधा अशीच दगावतात. दोन्ही उष्ण कटिबंधातली आणि कण्हेरीच्या कुळातली. दोघांना पाच पाकळ्यांची फुले येतात, फांदी मोडली की पांढरा चीक गळतो आणि दोन्ही हिवाळ्यात पाने गाळतात. निगा बरीचशी सारखी असली, तरी त्यांच्या चिकातला फरक मात्र लहान मुले आणि शेळ्या असलेल्या घराने लक्षात ठेवायलाच हवा.

दोन देशांची झाडे

खुरचाफा, देवचाफा अशा नावांनी ओळखला जाणारा हा चाफा देवळांच्या आवारात इतका रुळला आहे, की तो इथलाच वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांच्या पट्ट्यात आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे सतराव्या शतकातले फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए यांच्यावरून पडले. सोनचाफ्याशी त्याचे नाते केवळ नावापुरते. सोनचाफा वेगळ्या कुळातला असून त्याला सतत ओलावा लागतो, म्हणून एकाची निगा दुसऱ्याला लावू नये.

अडेनियम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातले आणि अरबस्तानातले. त्याच्या नावाचा संबंध येमेनमधल्या एडनशी जोडला जातो. बुडाशी फुगलेले खोड ही त्याची खूण. हे खोड म्हणजे पाण्याची टाकीच असते. पावसात झाड पाणी भरून घेते आणि कोरड्या महिन्यांत ते पुरवून वापरते. चाफ्याच्या जाड, मांसल फांद्याही हेच काम करतात. पाने गळाली, की त्यांतून होणारे बाष्पीभवन थांबते आणि साठा टिकतो. म्हणजे मोसंबीला माणूस जो ताण देतो, तो ही झाडे स्वतःच घेतात.

गंधाच्या बाबतीत मात्र दोघे वेगळे. चाफ्याचा वास रात्री अधिक दरवळतो. त्या वासाने निशाचर पतंग येतात, पण फुलात मध नसतो. पतंग फसतो आणि परागीभवन होऊन जाते. अडेनियमच्या फुलांना वास जवळजवळ नसतो. गुलाबी, लाल, पांढरा रंग हीच त्यांची शोभा.

काळ्या मातीची अडचण

कपाशीला मानवणारी काळी माती या दोघांना सोसत नाही. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. हवा मिळाली नाही तर ती गुदमरतात, बुरशी शिरते आणि सड खोडापर्यंत चढते.

काळ्या रानात खड्डा खणून त्यात मुरूम भरला, तरी भागत नाही. भोवतालची माती पाणी जिरू देत नाही आणि पावसाळ्यात तो खड्डा हौदासारखा भरतो. त्यापेक्षा मुरूम, माती आणि कुजलेले शेणखत मिसळून फूट-दीड फूट उंचवटा करावा आणि त्यावर चाफा लावावा. कुंडीतल्या अडेनियमसाठी निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि उरलेल्या निम्म्यात माती व शेणखत असे मिश्रण चालते. कुंडी मातीची असावी. काळी प्लॅस्टिकची कुंडी मे महिन्याच्या उन्हात इतकी तापते, की मुळे होरपळतात.

पाणी किती, केव्हा

दोघांनाही रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. जमिनीत लावलेल्या चाफ्याला पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरते. पुढे तो बहुतेक पावसावरच निभावतो. कुंडीतल्या अडेनियमला वारावर पाणी घालू नये. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच भरपूर घालावे आणि जादाचे खालून निघून जाऊ द्यावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली न्यावी. थंडीत पाने गळाली, की दोन-तीन आठवड्यांतून एकदा थोडेसे पाणी पुरे. पारा १० अंशांकडे उतरला, तर कुंडी उन्हाच्या भिंतीलगत ठेवावी. फेब्रुवारीत नवे कोंब दिसले, की ताण तोडायचा.

खोड बोटाने दाबून पाहणे ही सोपी परीक्षा. माती कोरडी आणि खोड सुरकुतलेले असेल तर झाड तहानलेले आहे, पाणी दिल्यावर सावरेल. माती ओली असूनही खोड मऊ लागत असेल तर आत सड आहे. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे झाड मारणेच. हातमोजे घालून झाड उपटावे, सडका भाग पांढरा निरोगी गर दिसेपर्यंत कापावा, बुरशीनाशक लावून सावलीत आठवडाभर सुकवावे आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे.

चाफा फांदीपासून सहज येतो. फूटभर फांदी कापून चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस ठेवली, की लावता येते. अडेनियमचीही फांदी जगते, पण तिला तसे फुगीर बूड येत नाही. त्यासाठी बियांपासून केलेले रोप घ्यावे. पावसाळ्यात चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसली, तर तो तांबेरा. गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत. अडेनियमवर पिठ्या ढेकूण आणि कोरड्या हवेत लाल कोळी यांच्याकडे लक्ष ठेवावे.

चिकातला फरक

चाफ्याचा चीक त्वचेला लागला तर खाज येते, डोळ्यात गेला तर जळजळ होते. दुखऱ्या दातावर किंवा चामखिळीवर तो लावण्याचे घरगुती उपाय टाळलेलेच बरे.

अडेनियमचा धोका मोठा आहे. आफ्रिकेत शिकारी त्याचा रस बाणांच्या टोकांना लावत आले आहेत. त्याच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. कण्हेर आणि बिट्टीतली विषे याच जातीची. ती पेशींमधली सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण अडवतात. त्यामुळे मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि नाडी मंद किंवा अनियमित होते.

मुलाने पान, फूल किंवा शेंग चघळल्याचा संशय आला, तर तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. त्रास दिसण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी आणि ‘कण्हेरीच्या कुळातले झाड आहे’ एवढे सांगावे. डॉक्टरांना ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम तपासण्याची दिशा त्यातून मिळते. चीक डोळ्यात गेला, तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. दोन्ही झाडांची छाटणी उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नये. शेळी ताजा आणि वाळलेला पाला पारखून खात नाही.

कोणाच्या घरी काय?

अंगण मोकळे असेल, देवाला फुले हवी असतील आणि घरात रांगते मूल असेल, तर चाफा लावावा. मात्र वळवाच्या वाऱ्यात त्याच्या ठिसूळ फांद्या मोडतात, म्हणून विजेच्या तारांपासून आणि पत्र्यापासून त्याला दूर ठेवावे. जागा गच्चीपुरतीच असेल, तर अडेनियमसारखे झाड नाही. पण ते कठड्यावर, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर हवे.

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या आणि अनेक बागा वाळून गेल्या. अशा मुलखात कुंडीत वाया जाणारा तांब्याही मोलाचा. या दोन झाडांच्या बाबतीत तो वाचवला, तर पाणीही राहते आणि झाडही.